रविवारची पाळी आणि रविवारची उपासना: तुम्ही कसं जमवता?

पहाटवारा :

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

वय २४. घर ख्रिस्ती, त्यामुळे संडे स्कूल, तरुण संघ, गायनमंडळ हे सगळं लहानपणापासून. पण विश्वास माझा स्वतःचा झाला तो १९ व्या वर्षी. वडील आजारी होते, रात्री त्यांच्या उशाशी बसून स्तोत्रं वाचायचो. त्यांना बरं वाटावं म्हणून सुरुवात केली आणि वाचता वाचता मीच त्यांत गुंतलो.

नोकरीला लागून दीड वर्ष झालं. काम मशीनवरचं, पाळ्यांचं. पहिलं वर्षभर रविवार मोकळा मिळाला. दोन महिन्यांपूर्वी पाळ्या बदलल्या आणि माझी सुट्टी मंगळवारवर गेली. तेव्हापासून आठ रविवार उपासना चुकली. पहिल्या रविवारी मन कशातच लागेना. तिसऱ्या-चौथ्याला तेवढं काही वाटलं नाही. आणि गेल्या रविवारी दुपारचे दोन वाजले तेव्हा लक्षात आलं की आज रविवार आहे हे मला सकाळपासून आठवलंच नव्हतं. त्या गोष्टीने मी हादरलोय. उपासना चुकल्याचं दुःख निदान ओळखीचं होतं. ती चुकल्याचं कळूही नये, याची भीती वाटते.

दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायची माझी सवय. हल्ली कँटीनमध्ये हात धुता धुता नळापाशीच मनात दोन शब्द बोलून घेतो. आजवर मला कुणी हसलेलं नाही की काही बोललेलं नाही. तरी मी चोरून करतो.

नोकरी सोडता येणार नाही, घर माझ्यावर आहे. साहेबांकडे रविवार मागावा का? मागितला तर माझ्या वाटचा रविवार दुसऱ्या कुणाला भरावा लागेल, ते बरोबर होईल का? आणि नाहीच मिळाला तर काय करावं? 'देव मनात असला की झालं' असं मित्र म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण माझं त्यानं समाधान होत नाही.

रात्रपाळी :

पहाटवारा, मी नर्स आहे. ११ वर्षं झाली. माझे किती रविवार वॉर्डात गेले ते मोजलेले नाहीत.

मी कॅथलिक. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे आमची उपासना, रविवारची म्हणून धरली जाते. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये (आमच्या चर्चच्या कायद्यात) १२४८ वं कलम आहे त्याबद्दल. त्याच कलमाच्या पुढच्या भागात असंही आहे की मिस्साला जाणं खरोखरच अशक्य असेल, तर एकट्याने किंवा कुटुंबासोबत योग्य तेवढा वेळ प्रार्थनेत घालवावा. म्हणजे 'जमलं नाही, सोडून द्या' असं नाही, आणि 'जमलं नाही, तुम्ही बुडालात' असंही नाही. मला हा नियम फार माणुसकीचा वाटतो. ज्याने तो लिहिला त्याला पाळीवर जाणारी माणसं ठाऊक असणार.

तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) शनिवारी काही असतं का? विचारून बघा.

दगडमाती :

माझं मत जरा कडक आहे, आधीच सांगतो.

'शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पवित्र पाळ' ही चौथी आज्ञा, आणि ती आज्ञा आहे. सूचना असती तर वेगळी गोष्ट होती. मी बांधकामावर इंजिनिअर आहे. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतच सांगितलं होतं, रविवारी येणार नाही, बाकी सहा दिवस कितीही थांबवा. दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसरीकडे घेतलं. आज १६ वर्षं झाली.

आधी सांगायला हवं होतं. आता दीड वर्षानंतर सांगणं अवघड जाईल, पण सांगायलाच हवं. आपण एकदा मऊ पडलो की समोरचा आपला रविवार धरूनच चालतो. आठवा आठवडा तुम्हाला कळला तरी. विसावा आठवडा आला तर कळणारही नाही.

रात्रपाळी :

दगडमाती, आदर ठेवून विचारते. सगळ्या ख्रिस्ती नर्सेसनी हेच सांगितलं तर रविवारी वॉर्डात कोण उभं राहील? अठरा वर्षं वाकलेल्या बाईला प्रभूने बरं केलं ते शब्बाथाच्याच दिवशी, सभास्थानातच. चिडला तो सभास्थानाचा अधिकारी.

दगडमाती :

ताई, तुमच्या कामाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र या जुन्या प्रॉटेस्टंट दस्तऐवजातही (१६४६) रविवारी गरजेची आणि दयेची कामं करायला मुभा दिली आहे. नर्सचं काम दोन्हींत बसतं. मशीनवर माल काढणं कशात बसतं, एवढंच माझं विचारणं.

उंबरठा :

मी आता जात नाही. सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको.

माझंही असंच झालं होतं. भांडण नाही, शंका नाहीत, कुणी दुखावलं नाही. आधी परीक्षा, मग नोकरी, मग थकवा. एक दिवस कुणीतरी विचारलं तुझी मंडळी कुठली, आणि सांगायला जुन्या मंडळीचंच नाव आलं, जिथे पाऊल टाकून चार वर्षं झाली होती.

पहाटवारा, आठ रविवारांत तू हादरलास. मला हादरायला चार वर्षं लागली आणि तेव्हाही मी काही केलं नाही. तू लिहिलंस ते बरं केलंस. बाकी सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

जुनी_ओवी :

उंबरठा, बाळा, उंबरठ्यावर उभा आहेस म्हणजे घर दिसतंय. इथे लिहीत राहा.

पहाटवारा, मी शाळेत शिकवायचे, आता निवृत्त आहे. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलते, पहिल्यावर तरुण मंडळी बोलतीलच.

बायबलमधला दानीएल खिडक्या उघड्या टाकून दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. आणि प्रभू म्हणतो खोलीत जा, दार लाव, मग प्रार्थना कर. खिडकी उघडायची की दार लावायचं? संडे स्कूलच्या मुलांना मी हे विचारायचे आणि वर्गात गोंधळ व्हायचा. मला उत्तर सापडलं ते असं. दानीएलची खिडकी प्रार्थनेला बंदी करणारी राजाज्ञा निघायच्या आधीपासून उघडी होती. पूर्वी करीत असे त्याप्रमाणेच त्याने केलं, असं शास्त्रात लिहिलंय. दाखवायला म्हणून त्याने ती उघडली नाही आणि भिऊन लावलीही नाही. प्रभू दार लावायला सांगतो ते रस्त्याच्या कोपऱ्यावर लोकांनी बघावं म्हणून उभे राहणाऱ्यांना.

मग तुझं काय? तू पूर्वी ताटासमोर बसून प्रार्थना करायचास. ती तुझी उघडी खिडकी. नवीन काही करू नकोस. जे होतं तेवढंच परत सुरू कर.

शिट्टी :

जुनी_ओवी मावशी, +१. हे मी लिहून ठेवलं.

रविवारचा विषय निघाला आणि मी स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलबद्दल बोललो नाही असं होणार नाही. मी धावतो, आणि हा माणूस माझ्या खोलीतल्या भिंतीवर आहे.

१९२४, पॅरिस ऑलिंपिक. लिडेलची शर्यत १०० मीटरची. तिची प्राथमिक फेरी रविवारी. त्याने नाही म्हटलं. रिले शर्यतीही रविवारमुळे सोडल्या. लोकांना वाटतं की त्याला हे ऐनवेळी कळलं. तसं नव्हतं. वेळापत्रक काही महिने आधीच माहीत होतं, आणि ते महिने त्याने ४०० मीटरच्या तयारीत घालवले. ११ जुलैला ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकला, त्या काळचा ऑलिंपिक विक्रम. २०० मीटरमध्ये कांस्यही मिळालं.

पहाटवारा, मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? नकार एका दिवसाचा होता, पण त्याच्या मागे कित्येक महिन्यांचा घाम होता. साहेबांकडे जाशील तेव्हा नुसतं 'रविवारी येणार नाही' घेऊन जाऊ नकोस. त्याऐवजी काय करशील ते ठरवून जा.

दगडमाती :

अगदी बरोबर. माझ्या म्हणण्याला याहून चांगलं उदाहरण नाही.

शिट्टी :

दगडमाती काका, थांबा, गोष्ट संपली नाही.

१९२५ मध्ये तो मिशनरी म्हणून चीनला गेला. त्याचा जन्मही तिथलाच, तिआंजिनचा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला चीनमधल्याच वैश्येनच्या कैदी छावणीत ठेवलं. तिथे आईवडिलांपासून तुटलेली बरीच मुलं होती. लिडेल त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. पण रविवारी खेळ नाही. मुलांनी एका रविवारी स्वतःच हॉकी खेळायला घेतली आणि मारामारी झाली, कारण पंच नव्हता. त्यानंतर लिडेल रविवारी मैदानात उतरला, पंच म्हणून.

ऑलिंपिकसाठी जो माणूस हलला नाही तो मुलांसाठी हलला. २१ फेब्रुवारी १९४५ ला त्याच छावणीत गेला, मेंदूत गाठ होती. ४३ वर्षांचा होता. मी त्याला १९२४ मुळे भिंतीवर लावला होता. आता त्या पंचगिरीसाठी ठेवलाय.

दगडमाती :

हे मला माहीत नव्हतं. विचार करायला लावणारं आहे.

अनुस्वार :

मी ख्रिस्ती नाही, पण माझा जवळचा मित्र आहे. त्याच्यामुळे हा धागा वाचतोय. एक भाबडा प्रश्न विचारू का? रविवारच का? यहुदी लोकांचा शब्बाथ शनिवारी ना? मग आज्ञा पाळायची तर शनिवार पाळायला नको?

सुकाणू :

अनुस्वार, प्रश्न भाबडा नाही. ख्रिस्ती लोकांतच काही पंथ शनिवार पाळतात, सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट त्यांतले सर्वांत माहितीतले. बाकीच्यांचा रविवार पुनरुत्थानामुळे. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर सापडते ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी.

आता पहाटवारासाठी थोडा इतिहास, कारण मला वाटतं त्याला याचा उपयोग होईल.

आपण असं धरून चालतो की रविवार म्हणजे सुट्टी. पहिली ३०० वर्षं तो सुट्टीचा दिवस नव्हताच. रोमन जगात तो कामाचा दिवस. मंडळीत गुलाम होते, मजूर होते, त्यांना कोण सोडणार? इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं. या ख्रिस्ती लोकांचं काय करू, असा प्रश्न होता. चौकशीत त्याला कळलं ते असं : हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं गीत आळीपाळीने गातात, चोरी-व्यभिचार-विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, आणि पांगतात. पुढे जेवायला पुन्हा जमतात.

उजाडायच्या आधी. कारण उजाडल्यावर बहुतेकांना कामाला जायचं असणार.

रविवारची सुट्टी आली ती ३२१ मध्ये, कॉन्स्टंटाईनच्या हुकमाने. न्यायाधीश आणि शहरातल्या लोकांनी विश्रांती घ्यावी, शेतकऱ्यांना मात्र कामाची मुभा. म्हणजे त्या हुकमातही सगळ्यांना रविवार मिळाला नव्हताच.

तेव्हा पाळीवर असलेला ख्रिस्ती तरुण ही काही आजच्या काळाची पडझड नाही. आपली सुरुवात त्याच्यापासून आहे.

अनुस्वार :

धन्यवाद. 'पांगतात' हा शब्द वाचून अंगावर काटा आला. मित्राला हे वाचायला पाठवतोय.

शिट्टी :

अवांतर : सुकाणू, पहाटेच्या सभेबरोबर रात्रीच्याही होत्या की. त्रोवस शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तोही आठवड्याचा पहिला दिवसच होता. लांब प्रवचनात डुलकी लागणाऱ्या आम्हा सर्वांचा तो मूळ पुरुष.

जुनी_ओवी :

त्याला पुन्हा जिवंत केलं आणि पौल उजाडेपर्यंत बोलत राहिला, तेही सांग की!

आणि मला तर वाटतं तो पोरगा दिवसभर राबून आला असणार. दमलेला होता तरी सभेला आला. घरी जाऊन झोपला नाही.

दोन_टोकं :

मी मंडळीत तरुण संघाचा सेक्रेटरी आहे. एक गोष्ट कुणी विचारली नाही, ती विचारतो.

पहाटवारा, या आठ रविवारांत तुझ्या मंडळीतून तुला कुणी फोन केला का?

पहाटवारा :

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. मनापासून आभार.

दोन_टोकं, नाही. कुणी नाही केला. हे लिहायचं नव्हतं मला, कारण तक्रार वाटेल. मी गायनमंडळात होतो. माझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला, चांगलं गातो. एकदा रस्त्यात एक जण भेटले, म्हणाले, 'हल्ली दिसत नाहीस, कामात आहेस वाटतं.' मी हो म्हटलं. तेवढंच. तेही निघून गेले आणि मीही.

मला राग नाही त्यांचा. मीही कधी कुणाला फोन केला नव्हता. आमच्यातले दोघं-तिघं यायचे बंद झाले होते, मी समजून घेतलं होतं की कामात असतील.

दोन_टोकं :

मी विचारलं कारण तुझा प्रतिसाद येईपर्यंत मी आमची यादी काढून बसलो होतो. ४१ जणांपैकी नऊ जण तीन महिन्यांत एकदाही आलेले नाहीत. नऊपैकी सहा पाळीवर काम करतात हे मला माहीत आहे. बाकी तिघांचं काय, माहीत नाही. मी सेक्रेटरी आहे आणि मला माहीत नाही.

सकाळपासून चौघांशी बोललो. एक जण रडला.

सुकाणू :

दोन_टोकं, तुम्ही फार मोठं काम केलंत. माझी काल एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती आता लिहितो.

१५५ च्या आसपास रोममध्ये जस्टिन हुतात्म्याने रविवारच्या सभेचं वर्णन केलं आहे, सम्राटाला समजावं म्हणून. शहरातले, खेड्यातले सगळे एका जागी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग बोध, मग सगळे उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. आणि पुढे तो लिहितो की जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांचा वाटा नेऊन देतात. ज्याला देता येतं तो देतो, आणि ती वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी.

जे हजर नाहीत त्यांचा वाटा. म्हणजे कोण आलं नाही हे त्यांना माहीत होतं. वाटा बाजूला काढला जायचा. कुणाला तरी तो घेऊन चालत जावं लागायचं.

आपण सगळे पहाटवाराला सांगत बसलो की तू रविवार कसा धरून ठेवशील. त्या मंडळीत रविवारच त्याच्याकडे चालत गेला असता.

मेंढपाळ :

मी पाळक आहे. दोन दिवस हा धागा वाचतोय आणि लिहायला हात धजत नव्हता, कारण सुकाणू यांनी जे लिहिलं ते मला लागलं. मी आजाऱ्यांकडे प्रभूभोजन घेऊन जातो. पाळीवरच्यांकडे कधी गेलो नाही. मनातही आलं नाही.

दगडमाती, तुमच्या मुद्द्यावर बोलतो. चौथी आज्ञा शास्त्रात दोनदा येते. निर्गम पुस्तकात कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद नावाच्या पुस्तकात कारण वेगळं आहे : तू मिसरात दास होतास हे आठव. आणि दोन्हीकडे यादी आहे. तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आतला परका. विसावा घे एवढंच ती आज्ञा सांगत नाही, दुसऱ्याला विसावा दे असंही सांगते.

उपासना सुटल्यावर आपण सहकुटुंब बाहेर पडतो, खरेदी करतो, बाहेर जेवतो. ताट पुसणारा, गाडी चालवणारा, सामान उचलून देणारा पोरगा कोण असतो? एखादा पहाटवारा असू शकतो. आपला रविवार पूर्ण व्हावा म्हणून त्याचा जातो. मी कुणाला दोष देत नाही, हे पहिल्यांदा माझ्या घराबद्दल लिहितोय.

पहाटवारा, साहेबांकडे रविवार माग. त्यात चूक काही नाही. दुसऱ्यावर भार पडेल असं तुला वाटतं, तर त्या दुसऱ्याला आधी विचार. त्याला जो दिवस हवा असेल तो तू भर.

दगडमाती :

पाळकसाहेब, तुमचं खरं आहे. माझ्या साइटवर रविवारी मी नसतो, पण वॉचमन असतो. १६ वर्षांत एकदाही त्याला विचारलं नाही की बाबा तुझा विसाव्याचा दिवस कुठला. मत बदललेलं नाही, रविवार पाळावाच. पण यादी अर्धीच वाचत होतो.

रात्रपाळी :

दगडमाती, तुम्ही हे इथे लिहिलंत याचा मला फार आनंद झाला.

पहाटवारा, आता तुमच्या उरलेल्या सहा दिवसांबद्दल थोडं. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होते. आधी सैनिक, मग मठात स्वयंपाकघरात, पुढे चपला दुरुस्त करायला. १६९१ मध्ये वारले. स्वयंपाकघराची त्यांना मनातून नावड होती. पण भांड्यांच्या गडबडीतही देवाशी बोलत राहायची सवय त्यांनी लावून घेतली, आणि शेवटी म्हणायचे की कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत मला फरक वाटत नाही. मला हे जमायला लागलं ते रात्री सलाइनचे थेंब मोजताना. प्रत्येक खाटेपाशी त्या माणसाचं नाव मनात घ्यायचं, बस.

याने रविवारची जागा भरून निघत नाही, ते मी म्हणतही नाही. पण रविवारपर्यंत माणूस जिवंत राहतो.

उंबरठा :

हे 'जिवंत राहतो' बरोबर आहे.

पहाटवारा, एक विचारायचं होतं. कामाच्या ठिकाणी तू ख्रिस्ती आहेस हे कशावरून कळतं? प्रार्थना सोडून म्हणतोय. माझ्या पहिल्या नोकरीत मशीन तपासलं नाही तरी तपासल्याची सही करायची पद्धत होती. मी दर रविवारी उपासनेला जायचो आणि सोमवारी ती सही करायचो. सगळेच करायचे. मला वाटतं माझं जाणं तिथूनच सुटायला लागलं. रविवारी बसल्यावर ती सही आठवायची, आणि मग न गेलेलं बरं वाटायचं.

पहाटवारा :

उंबरठा, दादा म्हणू का? तुम्ही लिहिलंत ते वाचून बराच वेळ बसून होतो.

आमच्याकडेही तो तक्ता आहे. दर दोन तासांनी तेल आणि तापमान बघून नोंद करायची. मी सुरुवातीला चुकवायचो नाही. गेल्या महिन्यात दोनदा न बघता आधीच्याच आकड्यांवरून भरलं. उपासना चुकण्याशी त्याचा संबंध आहे असं मला वाटलंच नव्हतं. आज पाळीत प्रत्येक वेळी जाऊन बघितलं. जास्तीची चार मिनिटं लागतात. चार मिनिटांसाठी मी खोटं लिहिलं होतं.

जुनी_ओवी :

दादाच म्हण. आणि उंबरठा, तुझं तुला कळतंय का? सल्ला द्यायचा अधिकार नाही म्हणालास, आणि अख्ख्या धाग्यात या मुलाला सर्वांत कामाचं तूच सांगितलंस.

अनुस्वार :

मित्राने धागा वाचला. तो म्हणाला, जेवताना तू समोर असलास की मी प्रार्थना मनातच करतो, तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून. मी म्हटलं, अरे, मी घास हातात धरून थांबेन की. सात वर्षं आम्ही एकत्र जेवतोय. कँटीनमध्ये पहाटवाराच्या समोर बसणाराही कदाचित माझ्यासारखाच असेल.

पहाटवारा :

बारा दिवसांनी परत आलोय. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी सोबत काम करणाऱ्याला विचारलं. त्याची लहान मुलगी आहे, त्याला शनिवारची रात्रपाळी नको असते आणि ती महिन्यातून दोनदा त्याच्याकडे येते. मी म्हटलं त्या दोन्ही रात्री मी करतो, तू मला दोन रविवार दे. तो लगेच हो म्हणाला. मग दोघे मिळून साहेबांकडे गेलो. साहेबांनी कारण विचारलं. उपासनेला जायचंय असं सरळ सांगितलं. ते म्हणाले, 'दोघांचं ठरलंय ना, मग लिहून द्या.' दोन मिनिटांत झालं. दोन महिने मी या दोन मिनिटांना घाबरत होतो.

म्हणजे महिन्यात दोन रविवार मिळाले, रात्रपाळी करून सकाळी थेट जायचं. मावशी, युतुखाची आठवण ठेवून खिडकीपासून लांब बसणार आहे.

उरलेल्या रविवारांचं असं : मंडळीतले जे दोघं-तिघं यायचे बंद झाले होते त्यांना मी फोन केले. तिघेही पाळीवर आहेत. एकाची पाळी माझ्याच वेळची. पाळकसाहेबांना भेटलो, त्यांना हा धागा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, किती वाजता निघता कामाला? मी म्हटलं सहाला. म्हणाले, मग पाचला मी येतो.

ताटासमोरची प्रार्थना सुरू केली. पहिल्या दिवशी समोरच्याने विचारलं, डोकं दुखतंय का? सांगितलं, प्रार्थना करतोय. तो म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवसापासून मी डोळे उघडेपर्यंत थांबतो, मग बोलायला लागतो.

दोन_टोकं :

नऊपैकी सात जणांशी बोलणं झालं. आमच्याकडे मंगळवारी रात्री बसायचं ठरतंय.

मेंढपाळ :

पहाटवारा, तुझ्या पाळकसाहेबांना माझा नमस्कार सांग. या रविवारी पाचला कोण कोण?

पहाटवारा :

आम्ही चौघं आणि पाळकसाहेब. गीत हळू आवाजात घेणार, शेजारचे झोपलेले असतात. स्तोत्र पाचवं वाचायचं ठरलंय, त्यात सकाळी तू माझा आवाज ऐकतोस असं आहे.

उंबरठा :

कुठे जमताय ते मला खासगीत कळवशील का? जवळ असेल तर.

पहाटवारा :

दादा, निरोप पाठवलाय. दार उघडंच असेल, बेल वाजवू नका.